शेठ, मास्तर आणि मुनीर सर

"काम झालं का?" असं कुणी विचारलं की मुनीर सर खिडकीवरची नजर न काढता म्हणायचे, "कुणाकडे?"

नवा माणूस चक्रावायचा. पहिल्या दिवशी माझंही तेच झालं. मला वाटलं, सर आपली फिरकी घेतायत. पण सर फिरकी घेणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर असायचे. डावीकडचा विंडोजचा, त्याला ते शेठ म्हणायचे. उजवीकडचा लिनक्सचा, ते मास्तर. "शेठकडे झालंय," ते सावकाश सांगायचे, "मास्तर अजून नाही म्हणतायत." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागायचे. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही होतं अशातला भाग नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, समोर एका फोर्जिंगच्या कारखान्याचे पत्रे, बाजूला भंगाराचा ढीग आणि त्या ढिगातून वर आलेलं एक रुईचं झाड. सर त्या रुईकडे असं बघायचे की मीसुद्धा दोन-तीनदा उठून तिथं काय आहे ते पाहून आले. काही नव्हतं.

आमचं काम समजायला सोपं आहे, करायला नाही. कारखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम बनवतो. तो प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, घरातल्या मोठ्या सासूबाईंसारखे हुकूम सोडतो. ही फाइल तिकडे ठेव, तो अहवाल छाप, पलीकडचं यंत्र जागं आहे का बघून ये. राबतो तो खालचा कॉम्प्युटर. पूर्वी सगळीकडे विंडोजच होतं, तेव्हा सगळं सुखात चाललं होतं. मग एकेक गिऱ्हाईक लिनक्सकडे वळायला लागलं आणि आमच्या लक्षात आलं की हुकूम तोच असला तरी दोघांची वागणूक वेगळी आहे. एकाच हुकमाला दोघांकडून एकच उत्तर मिळवायचं, आणि मिळालंय ते खात्रीने सांगायचं, हे मुनीर सरांचं काम.

"शेठ मोठ्या मनाचे," ते मला शिकवताना म्हणाले होते. "इंग्रजी नाव मोठ्या अक्षरात लिही, लहान अक्षरात लिही, 'कळलं कळलं' म्हणतात आणि काम करून टाकतात. मास्तरांकडे एक अक्षर मोठ्याचं लहान झालं की संपलं. 'असं कुणी इथं राहत नाही' म्हणून दार लावून घेतात."

"मग बरोबर कोण, सर?"

"दोघंही बरोबर. आपण दोघांच्या घरी राहायला शिकायचं."

सर उंच होते, बारीक आणि मानेत जरासे वाकलेले. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, मनगटाची बटणं भर उन्हाळ्यातही लावलेली. वय पन्नाशीच्या पुढे. चहा मागवायचे आणि विसरायचे, मग त्या गार चहावर आलेली साय बोटाने बाजूला करून तो पाण्यासारखा पिऊन टाकायचे. त्यांची एक लकब आम्ही सगळे नकलेसाठी वापरायचो. कीबोर्डवर हुकूम टाइप केला, एंटर दाबलं, की ते दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. जेवणाच्या पंगतीत वाढायची वाट बघत बसलेला माणूस बसतो तसे. मी मखमलाबादची. आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा, पहाटे माल काढला नाही तर मार्केटला काही अर्थ नाही अशा घरातली. मला वाट बघणं ठाऊकच नव्हतं. उत्तर यायला वेळ लागला की मी एंटरवर एंटर मारायचे.

सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "वैशाली, विचारलंस ना?"

"हो सर, पण ते येतच नाहीये."

"विचारलंस ना? मग आता उत्तर येऊ दे."

समोरच्या फोर्जिंगचा घण पडायला लागला की आमच्या मजल्याची फरशी बारीक थरथरायची. आम्ही वैतागायचो, कानात बोळे घालायचो. सरांचं डोकं मात्र तेव्हाच चालायला लागायचं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी काम आलं तर ते बिचारे इकडून तिकडे फिरत राहायचे, म्हणायचे, "आज काही सुचत नाही, फार शांत आहे." ते मालेगावचे. जन्म यंत्रमागांच्या गल्लीतला, दोन्ही बाजूंना माग, आणि त्या खटखटीतच अभ्यास करून हा माणूस इंजिनिअर झाला होता.

प्रोग्राम तपासायचा म्हणजे आधी खोट्या फाइली, खोटे फोल्डर तयार करायचे आणि त्यांच्यावर हुकूम सोडून बघायचं. आम्ही त्यांना 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' अशी नावं द्यायचो. सर म्हणायचे, "लोक फोल्डरला नाव ठेवताना आपल्याला विचारत नाहीत. ते मधे जागा सोडतील, अवतरणचिन्ह घालतील, मराठीत लिहितील, काय वाटेल ते करतील." आणि खरंच आहे, नावात मोकळी जागा आली की मास्तर एका नावाची दोन नावं करतात आणि भलत्याच फाइलीला हात घालतात. म्हणून सरांच्या फोल्डरांची नावं लांबलचक असायची. पण ती अशी का असायची, हे मात्र कुणालाच कळलं नाही. 'मोसम नदीला पाणी आलं तो दिवस'. 'अम्मीच्या पानाच्या डब्यातला लवंगांचा वास'. 'दुपारी दोनची झोप आणि दूर कुठेतरी "कल्हईवाला"'. मी सकाळी आल्याआल्या त्यांनी आदल्या दिवशी कोणते फोल्डर बनवलेत ते बघायचे, मग माझं काम सुरू करायचे. दिवस बरा जायचा.

आमचे मालक मोरे साहेब एकदा वैतागले. म्हणाले, "मुनीरभाई, हे काय आहे? गिऱ्हाइकाला दाखवायचंय उद्या. साधी नावं द्या ना, टेस्ट वन, टेस्ट टू."

सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एकच फोल्डर बदललेला दिसला, त्याचं नाव होतं 'टेस्ट वन, पण आज उदास'. मोरे साहेबांनी हात जोडले आणि नाद सोडला.

त्यांचं दुसरं एक वेड म्हणजे मोडून बघणं. एखादं काम झालं की आम्ही उत्साहाने त्यांना बोलवायचो, "सर, चालतंय, बघा." ते बघायचेच नाहीत. "चालतंय ते कशाला दाखवतेस? मोडून दाखव. फाइल नसताना काय होतं? यंत्र बंद असताना काय होतं? वायर उपटल्यावर काय सांगतो?" चालणारी गोष्ट त्यांना खोटी वाटायची असं नाही, अपुरी वाटायची. हुकूम नीट पार पडला की कॉम्प्युटर शून्य हा आकडा परत देतो, बिघडलं तर दुसरा कुठला तरी. आम्हाला शून्य दिसलं की आम्ही डबा उघडायला मोकळे. सर बोट वर करायचे. "शून्य म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. शून्य म्हणजे तक्रार नाही, एवढंच."

विंचूरच्या वाइन पार्कमधला प्रसंग मला अजून आठवतो. तिथल्या एका वायनरीने नवा लिनक्सचा कॉम्प्युटर घेतला आणि महिन्याभरात फोन आला की टाक्यांच्या तापमानाच्या नोंदींत खाडे दिसतायत. सर आणि मी गेलो. मॅनेजरने आधीच निकाल लावून टाकला होता, रात्रपाळीचे सुपरवायझर गांगुर्डे भरतच नाहीत. गांगुर्डे दाराशी उभे होते, टोपी हातात.

"सायेब, मी रोज भरतो," ते सरांना म्हणाले. "एक दिस नाय सोडला. आता कुणी इस्वास ठेवत नाय. लय वाईट वाटतं ओ. घरी पण सांगितलं नाय अजून."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. कॉम्प्युटरसमोर बसले, एक हुकूम दिला, हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने म्हणाले, "गांगुर्डे भाऊ, तुम्ही भरलंय. आणि मॅनेजर साहेबांना दिसलं नाही, हेही खरं आहे. दोघंही खरं बोलताय." झालं होतं एवढंच की दिवसपाळीचा माणूस फोल्डरचं नाव मोठ्या अक्षराने लिहायचा आणि गांगुर्डे लहान अक्षराने. जुन्या शेठने दोन्ही एकच धरलं होतं. नव्या मास्तरांनी दोन वेगळे फोल्डर केले होते, आणि गांगुर्ड्यांच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या फोल्डरमध्ये अंधारात बसून होत्या. गांगुर्ड्यांनी त्या पडद्यावर बघितल्या आणि टोपी डोक्यावर घातली.

मग त्यांनी आम्हाला टाक्या दाखवायला नेलं. स्टीलच्या उंच टाक्या, गारवा, आंबूस गोड वास. सरांनी एका टाकीला कान लावला आणि तसेच उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की गांगुर्डे माझ्याकडे बघायला लागले.

"आत कुणीतरी पुटपुटतंय," सर म्हणाले.

"आंबतंय ना सायेब ते. घ्या की थोडी, चाखून बघा."

"नको भाऊ. मला ऐकूनच चढते."

येताना गाडीत ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. नैताळे मागे गेल्यावर एकदम म्हणाले, "अब्बांना ही टाकी दाखवायला पाहिजे. हात लावला तर त्यांना ऐकू येईल."

अब्बा म्हणजे त्यांचे वडील. सरांच्या बोलण्यात ते रोज कुठून तरी यायचेच. आयुष्यभर यंत्रमाग चालवला आणि मागांनी दोन्ही कान नेले. सरांच्या अम्मी गेल्यावर ते मालेगावच्या घरात एकटे राहत होते. फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. शेजारच्या हज्जन खाला दुपारी जेवण आणून द्यायच्या, बाकी सगळं ते स्वतः करायचे. सरांनी आणि त्यांच्या पत्नी साजिदा भाभींनी त्यांना नाशिकला आणून बघितलं होतं. वडाळा रोडच्या फ्लॅटमध्ये ते चार-आठ दिवस राहिले, रात्रभर कूस बदलत राहिले आणि एका सकाळी पिशवी भरून दारात बसले. "यहाँ की ज़मीन हिलती नहीं," म्हणाले. "नींद नहीं आती." मालेगावला त्यांना माग कानांनी ऐकू येत नव्हते, पण फरशीतून, तळपायांतून यायचे. तेवढं त्यांना पुरायचं.

म्हणून सर दर शनिवारी मालेगावला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. ऊन असो, थंडी असो, लग्नसराई असो. सोमवारी आम्ही विचारायचो, "अब्बा कसे आहेत?" तेव्हा ते 'बरे आहेत' असं कधी म्हणायचे नाहीत. "डाव्या डोळ्याला पाणी येतंय. डाळीत मीठ जास्त घालायला लागलेत. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय," असं सांगायचे. मला हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं आणि शनिवारसुद्धा ऑफिसात जायला लागला. सर कासावीस झाले. मग त्यांनी एक युक्ती काढली. अब्बांसाठी त्यांनी वाय-फायवर चालणारा एक लहानसा रेडिओ घेतला. बहिऱ्या माणसाला रेडिओ! आम्ही हसलो. पण अब्बा त्याच्यावर तळहात ठेवून कव्वाल्या ऐकायचे म्हणे, आणि ठेका बरोबर धरायचे. अब्बा काटकसरी, रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करणार आणि पहाटे नमाजानंतर एकेक लावणार. म्हणजे सकाळी रेडिओ चालू असेल तर अब्बा उठलेत, फिरतायत, ठीक आहेत. आणि नेटवर्कवरचं एखादं यंत्र जागं आहे का, हे विचारायचा हुकूम तर आमच्या रोजच्या वापरातला. पिंग म्हणतात त्याला. सर त्याला हाक म्हणायचे. "शेठ चार हाका मारतात आणि गप्प बसतात. मास्तर एकदा सुरू झाले की तुम्ही थांबवेपर्यंत मारतच राहतात. मला विचारशील तर हाक मास्तरांची."

पण अब्बांची हाक त्यांनी शेठवर लावली, कारण तो कॉम्प्युटर सकाळी आपोआप सुरू व्हायचा. रोज नऊ वाजता शेठ मालेगावच्या रेडिओला हाक मारायचे, आणि उत्तर आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उमटायचा. सर त्या ठिपक्याकडे बघून हसायचे आणि मग बॅग खाली ठेवायचे. अब्बांनाही त्यांनी हे समजावून सांगितलं होतं, हातवारे करून, पाटीवर लिहून. हा चालू राहिला की मला कळतं, तुम्ही बरे आहात.

मालेगावच्या फेऱ्या आधी पंधरा दिवसांवर गेल्या, मग महिन्यावर. यात सर आळशी झाले असं मला कधीच वाटलं नाही. ठिपका होता ना. सोमवारी आम्ही विचारायचो, "अब्बा कसे आहेत?" आणि सर म्हणायचे, "ठीक." डोळ्याचं पाणी, डाळीचं मीठ, सगळं त्या एका शब्दात गेलं, आणि त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

तो दिवस शुक्रवारचा होता. प्रोग्रामची नवी आवृत्ती द्यायची होती आणि तिच्यातला हाकेचा हुकूम शेठ आणि मास्तर दोघांवर तपासायचा राहिला होता. तपासायला कुठलं तरी नेहमी उत्तर देणारं यंत्र लागतं. सरांनी सवयीने अब्बांच्या रेडिओचा पत्ता घातला. एंटर दाबलं. हात मांडीवर.

शेठनी शून्य दिलं. मास्तरांनी दिलं नाही.

"वैशाली, ये, सापडला!" सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. आमच्या धंद्यात दोघांच्या उत्तरांत फरक सापडणं म्हणजे मासा गळाला लागणं. मी खुर्ची सरकवत गेले. "बघ, हुकूम एक, पत्ता एक. शेठ म्हणतात उत्तर मिळालं, मास्तर म्हणतात नाही मिळालं. आणि शेठ चुकतायत. बघ ना, शेठच चुकतायत." ते पुढे वाकून मास्तरांच्या पडद्यावरच्या ओळी वाचत होते. मग त्यांचं बोट त्या पत्त्यावर थांबलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून माणूस निघून गेला होता.

शेठच्या पडद्यावर कोपऱ्यात हिरवा ठिपका होता.

"कधीपासून?" ते म्हणाले. मला विचारत नव्हते. त्यांनी मागच्या नोंदी काढल्या. रोजचं शून्य होतं, सगळीकडे शून्यच. त्यातलं खरं कुठलं आणि कुठल्या दिवसापासूनचं खोटं, ते त्या शून्यांवरून कळायला काही मार्ग नव्हता.

मी म्हटलं, "सर, हज्जन खालांना फोन करा आधी."

त्यांनी केला. खाला मोठ्याने बोलत होत्या, मलाही ऐकू आलं. "मैं तो धुलिया में हूँ बेटा, बेटी के पास. कई रोज हो गए. अब्बा को बोल के आई थी, बोले मैं पका लूँगा." मग त्यांनी गल्लीतल्या कुणाला तरी पाठवलं. थोड्या वेळाने उलट फोन आला. दार आतून बंद आहे, ठोठावलं, उघडत नाहीत. बहिरा माणूस ठोठावल्यावर काय उघडणार?

सरांच्या हातातून गाडीची किल्ली दोनदा पडली. मी ती उचलली आणि म्हटलं, "मी चालवते."

आम्ही आग्रा रोडला लागलो. ओझर गेलं, पिंपळगावला कांद्याचे ट्रॅक्टर आडवे आले, मी हॉर्न वाजवत सुटले. सर काचेतून द्राक्षांच्या बागांकडे बघत होते, पण नेहमीसारखे नाही. चांदवड दिसायला लागल्यावर त्यांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली. अगदी शांतपणे, शिकवतात तसं.

"तू एका घराचं दार वाजवलंस. घरात कुणी नाही. दाराशी बसलेला चौकीदार म्हणाला, 'आत कुणी बोलत नाही.' तसं ते झालं. रेडिओ बंद, पण माळ्यावरचं वाय-फायचं यंत्र इन्व्हर्टरवर चालूच असतं. त्याने उत्तर दिलं, 'रेडिओ भेटत नाही.' शेठ परत येऊन सांगतात, उत्तर मिळालं. मास्तर सांगतात, माणूस भेटला नाही."

"दोघंही खरं बोलतात," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझाच मला राग आला.

"हो. उत्तर आलं होतं गं. ते कुणाचं आलं, हे मी विचारलं नाही."

"पण सर, तुम्ही तर सगळं मोडून बघता. रेडिओ बंद असताना काय येतं, ते—"

पुढचं मी गिळलं. राहुड घाटाच्या उतारावर मी गाडी सावकाश घेतली.

"सगळ्यांचं मोडून बघितलं," सर म्हणाले. "अब्बांचा रेडिओ बंद करून ठिपका जातो का, ते बघायला हात धजला नाही. बटणापर्यंत गेला होता हात. वाटलं, हे काय बघायचं?"

मला रडू आलं. स्टिअरिंग सोडून डोळे पुसता येईनात, तशीच चालवत राहिले.

शुक्रवार म्हणून मालेगावचे माग बंद होते. गल्ली इतकी गप्प होती की आमच्या गाडीचं दार लावल्याचा आवाज केवढा तरी झाला. जुम्म्याची नमाज होऊन गेली होती, दोन-चार माणसं दारापाशी जमली होती. कुणीतरी पहार आणायला गेलं होतं. सरांनी दार वाजवलं नाही. ते ओट्यावर चढले, उंबऱ्यालगतच्या मोठ्या दगडावर उभे राहिले आणि उड्या मारायला लागले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, पन्नाशी उलटलेला माणूस, दोन्ही पाय उचलून दाणदाण आपटतोय. कुणी हसलं नाही. माग बंद होते, जमीन गप्प होती, आणि तिच्यातून जेवढं आत पाठवता येईल तेवढं ते पाठवत होते.

आतली कडी सरकली.

अब्बा दारात उभे होते. लुंगी, बनियन, हातात पाण्याचा पेला. सरांपेक्षा उंच, सरांसारखेच मानेत वाकलेले. त्यांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा मुलाकडे. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्या आवाजात म्हणाले, "आ गया?"

सर भिंतीला टेकले. जमलेली माणसं पांगली. आम्ही आत गेलो. खोली स्वच्छ होती, पण चुलीशी डाळ करपल्याचा वास होता. फळीवर तो रेडिओ ठेवला होता, वायर गुंडाळून, वर एक धुतलेला रुमाल घालून. सरांनी रुमाल काढला. रेडिओ हातात धरून त्यांनी अब्बांकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या, खराब झाला का?

अब्बा खाटेवर बसले. "खराब नहीं हुआ. मैंने बंद किया."

सरांनी हातानेच विचारलं, का?

"तूने बोला था, ये चालू है तो मैं ठीक हूँ. चालू था, तो तू आता नहीं था." अब्बांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात असणार. त्यांना त्याची कल्पना नव्हती. "मैंने सोचा, बंद कर देता हूँ, आ जाएगा. बंद कर दिया. कितने दिन हो गए. तू फिर भी नहीं आया."

त्यात राग नव्हता. विचारत होते फक्त, असं कसं झालं? आणि या प्रश्नाचं उत्तर, शेठचं, मास्तरांचं आणि माळ्यावरच्या यंत्राचं, त्या म्हाताऱ्या माणसाला पाटीवर लिहून देता येण्यासारखं नव्हतं. सर खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी अब्बांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकवलं. मी बाहेर ओट्यावर येऊन बसले.

त्यानंतर मुनीर सर ऑफिसात आले नाहीत. आता ते मालेगावहूनच काम करतात. साजिदा भाभी इथं शाळेत शिकवतात, त्या सुट्टीत तिकडे जातात, बाकीचे दिवस ते इकडे येऊन-जाऊन असतात म्हणे, माझी गाठ पडलेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी हाकेच्या हुकमाची दुरुस्ती पाठवली. आता आमचा प्रोग्राम उत्तर आलं की आधी बघतो, ते कुणाचं आहे. ही दुरुस्ती त्यांनी यंत्र चालू ठेवून, बंद करून, वायर उपटून, सगळ्या तऱ्हांनी मोडून तपासली होती. दोघांकडेही बरोबर चालते.

मला ते शेवटचे दिसले ते त्या शुक्रवारीच. ऊन कलल्यावर मी निघाले. सरांना तसं सांगायला दारातून आत डोकावले, आणि हाक मारायचं राहूनच गेलं. अब्बा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. सर खाली बसले होते आणि अब्बांचा एक पाय त्यांच्या मांडीवर होता. पायाची नखं केवढी तरी वाढली होती, अंगठ्याचं तर वळून कातडीत रुतलं होतं. त्यांना चालताना रोज दुखत असणार. मनगटाची बटणं सोडून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, कोमट पाण्याच्या तसराळ्यात कापड बुडवत सर ते नख भिजवत होते आणि अगदी थोडं थोडं, थांबत थांबत कापत होते.